तेलविहिरीचा लगाम

१० जानेवारी १९०१ रोजी अमेरिकेतील टेक्सस राज्यात, ब्यूमाँट शहरानजीकच्या स्पिंडलटॉप टेकडीवर, खोदाईचे नळ अकस्मात विहिरीबाहेर फेकले गेले आणि पाठोपाठ तेलाचा स्तंभ दीडशे फुटांवर उसळला. पाहणाऱ्यांस तो कुबेराचा प्रसाद वाटला. विहिरीला आवर घालण्यास नऊ दिवस लागले. लोकांनी ज्याला वैभवाचे चिन्ह मानले, ते खोदणाऱ्याच्या दृष्टीने पराभवाचे चिन्ह होते. पण हे उमगावयास काही वर्षे जावी लागली.

तेलविहिरींचा इतिहास म्हणजे एका अर्थी भूगर्भातील दाबाला लगाम घालण्याचा इतिहास होय. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकची विहीर भुसभुशीत थरात पुनःपुन्हा ढासळे आणि केलेले श्रम वाया जात. अखेरीस त्याने खडकापर्यंत लोखंडी नळ ठोकला व त्याच्या आतून खोदाई चालविली. विहिरीला अस्तर हवे, हा पहिला धडा.

दुसरा धडा चिखलाने दिला. स्पिंडलटॉपच्या वाळूत निव्वळ पाण्याने निभाव लागेना, तेव्हा हॅमिल बंधूंनी डबक्यात गुरे फिरवून पाणी गढूळ केले, असे सांगतात. हा चिखल विहिरीच्या भिंतींना लिंपला जाई आणि खडकाचा चुरा वर आणी. पुरेसा जड चिखल केवळ आपल्या भाराने खालचा वायू दाबून धरतो, हा त्याचा गुण तर त्याहून मोठा. म्हणून पुढे त्यात बॅराइट या जड खनिजाची पूड मिसळू लागले. आणि एवढे करूनही तोल गेलाच, तर? त्यासाठी १९२२ साली जेम्स ॲबरक्रॉम्बी व हॅरी कॅमेरॉन यांनी उद्रेकरोधक यंत्र योजिले. त्याचे दोन जबडे दोहों बाजूंनी येऊन नळाभोवतीची वाट बंद करीत.

वेळेचा प्रश्न याहून निराळा नाही. खोदणारे पाते झिजले की सारी नळमालिका उपसून पुन्हा खाली सोडावी लागते. त्यात तास जातात. शिवाय नळ घाईने उपसला तर पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे तो खालचा वायू ओढून घेतो. ह्यूजने १९०९ साली पेटंट घेतलेले दुहेरी शंकूंचे पाते कठीण खडकात अधिक टिकले. त्यामुळे फेऱ्या घटल्या, आणि वेळेबरोबर धोकाही कमी झाला. वेळ वाचविणे आणि घाई करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!

हे विसरल्याचे मोल आपल्या देशानेही मोजले आहे. आसामातील बाघजान येथे २७ मे २०२० रोजी दुरुस्तीच्या कामात एका विहिरीतून वायूचा उद्रेक झाला. ९ जून रोजी ती पेटली आणि दोन अग्निशामकांनी प्राण गमावले. आग विझावयास १५ नोव्हेंबर उजाडला. दुसरा अडसर खात्रीचा आहे की नाही, हे न पाहताच उद्रेकरोधक काढण्यात आल्याचा ठपका चौकशी समितीने ठेवला.

काही तासांची प्रतीक्षा टळली, आणि तिच्या बदल्यात साडेपाच महिने गेले. गेलेले दोन जीव मात्र कोणत्याच हिशेबात भरून येणारे नाहीत.