हे तिकीट कुणाच्या पत्रावर लावायचं?

१९ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेच्या टपालखात्याने १८ सेंटचं एक तिकीट काढलं. त्यावर ना कुणी नेता होता, ना पक्षी, ना फूल. होती ती फक्त अक्षरं : ‘अल्कोहोलिझम. यू कॅन बीट इट!’ म्हणजे दारूच्या व्यसनावर तुम्ही मात करू शकता!

या पाच शब्दांमागे जवळपास अर्ध्या शतकाची धडपड होती. १९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअरबाजारातले बिल विल्सन आणि सर्जन डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघांनाही दारूने पोखरलेलं. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. तिच्या सभा आज आपल्याकडे मराठीतूनही भरतात. १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यसनाला आजार मानलं. १९७० च्या ३१ डिसेंबरला संशोधन आणि उपचारांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन करणारा कायदा झाला. तो रेटून नेणारे सिनेटर हॅरल्ड ह्यूज स्वतः दारूतून बाहेर पडलेले होते.

एवढं सगळं होऊनही ते तिकीट लोकांना नकोसं झालं, असं तिकीटसंग्राहक सांगतात. कारण अगदी साधं आहे. तिकीट पाकिटाच्या कोपऱ्यात लागतं आणि खाली पत्ता असतो. मग त्यातलं ‘तुम्ही’ कोण? ज्याच्या नावाने पत्र चाललंय तोच! सासऱ्यांना, साहेबांना किंवा जुन्या मित्राला असं पाकीट पाठवून बघा. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचणार, आणि आतला मजकूर काहीही असो, टोमणा बाहेरच पोचलेला असणार. त्यात १ नोव्हेंबरला पत्राचा दर २० सेंट झाला. अडीच महिन्यांतच ते तिकीट एकट्याने पत्र पोचवायला अपुरं पडू लागलं.

त्यावर एखादा चेहरा छापला असता तर? पण कुणाचा छापणार? व्यसनमुक्तीच्या त्या चळवळीचा पायाच निनावीपणाचा होता. नोकरी, घर, अब्रू सांभाळायची तर जाहीरपणे नाव न सांगणंच शहाणपणाचं होतं. म्हणजे आजार मान्य झाला, पण आजारी माणूस दडलेलाच राहिला.

नाव सांगायचं धाडस केलं बेटी फोर्ड यांनी. सप्टेंबर १९७४ मध्ये, नवरा राष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम दोन महिने होत असताना, त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी ती लपवली नाही. तेव्हा या आजाराचं नावही चारचौघांत घेतलं जात नसे. मग १९७८ मध्ये घरच्यांनी समोर बसवून सुनावल्यावर त्या दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावर उपचार घ्यायला दाखल झाल्या, आणि तेही त्यांनी जाहीर केलं. १९८२ साली लिओनार्ड फायरस्टोन यांच्या साथीने त्यांनी कॅलिफोर्नियात रँचो मिराज इथे ‘बेटी फोर्ड सेंटर’ ही ना-नफा तत्त्वावरची संस्था सुरू केली.

दोन आजार, दोन्हींभोवती लाज. पुढे पहिल्याचं काय झालं बघा. १९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर तिकीट निघालं. ३२ सेंटचं काम करणारं ते तिकीट लोकांनी ४० सेंट देऊन घेतलं, आणि वरच्या पैशांतून संशोधनासाठी ८ कोटी डॉलरहून अधिक रक्कम पुढच्या वर्षांत जमली. ते पाकिटावर लावताना कुणी संकोचलं नाही. व्यसनाच्या वाट्याला असं तिकीट आलं नाही. कर्करोग झालेल्याची आपण विचारपूस करतो. व्यसन लागलेल्याला मात्र ‘स्वतःच ओढवून घेतलंस’ असं ऐकवतो.

राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला बोलता आलं, कारण बोलल्यावर तिचं घर उघड्यावर पडणार नव्हतं. रोजंदारीवरच्या माणसाला ती मुभा नाही. म्हणून निनावी सभांची गरज आजही संपलेली नाही. पण कुणीतरी आधी नाव सांगितलं की पुढच्याला दार ठोठावणं थोडं सोपं जातं.

५ एप्रिल २०२४ रोजी त्याच रँचो मिराजमध्ये बेटी फोर्ड यांचं तिकीट प्रकाशित झालं. त्यावर त्यांचा चेहरा आहे. ते ‘फॉरएव्हर’ प्रकारचं आहे : टपालाचा दर कितीही वाढला, तरी ते पत्र पोचवतं.