निजामपुऱ्यातली सागवानी घरं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

भिवंडीच्या महापालिकेचं पूर्ण नाव 'भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका' असं आहे. रोज त्या पाटीखालून जाणारी माणसंही ते सबंध वाचत नाहीत. भिवंडी म्हटलं की काम भागतं. पण मधल्या त्या एका शब्दात जुना इतिहास आहे. १८६० च्या दशकात इथे नगरपालिका आली, तेव्हा भिवंडी आणि तिला खेटून असलेलं निजामपूर मिळून एक शहर धरलं गेलं. या शतकाच्या सुरुवातीला नगरपालिकेची महापालिका झाली, तरी नावातलं निजामपूर टिकलं. बोलताना लोक निजामपुरा म्हणतात. मीही तेच म्हणतो.

नाव टिकलं, घरं मात्र टिकेनात. आज मला बोलायचं आहे ते त्या घरांविषयी.

भिवंडी म्हणजे यंत्रमाग, हे आता समीकरणच झालं आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर वस्ती नोंदलेलं हे शहर मागांच्या आवाजावर वाढलं. पण माग आले ते फार नंतर. त्याआधी हे गाव खाडीचं होतं. कामवारी नदी गावाला वळसा घालून वसईच्या खाडीला मिळते. भरतीच्या पाण्यावर मचवे आत येत. भात, सुकी मासळी, गवत, कापड आणि लाकूड हा इथला व्यापार. कल्याण आणि भिवंडी ही नावं जुन्या कागदांत जोडीनं येतात, कारण दोन्ही बंदरं एकाच खाडीच्या आधारानं जगत होती. आदिलशाहीकडून शिवाजी महाराजांनी ही दोन्ही गावं घेतली ती २४ ऑक्टोबर १६५७ ला. हा दिवस मराठी आरमाराच्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. राजाला बंदर हवं होतं, त्याअर्थी बंदरात काही तरी होतं.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. भिवंडी बाजूला राहिली. व्यापाराचा ओघ हळूहळू रुळांकडे वळला. तरी गावात पैसा होता, आणि शहापूर-वाड्याच्या रानातलं सागवान हाताशी होतं. कोकणी मुसलमान व्यापारी, हिंदू पेढीवाले, पुढे उत्तरेकडून आलेले विणकर, असं मिश्र गाव. निजामपुऱ्यात वस्ती मुख्यतः कोकणी मुसलमानांची. त्यांची बोली ऐकली तर मराठी माणसाला दुभाष्याची गरज पडत नाही. घराच्या भागांची नावंसुद्धा तीच, आपल्याकडची: जोतं, ओटी, माजघर, पडवी, माळा.

हे घर कसं असतं, ते जरा सांगतो. खाली काळ्या दगडाचं जोतं. त्यावर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. म्हणजे घराचा सगळा भार लाकडी सांगाड्यावर. मधल्या विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या, त्या मुख्यतः आडोशाला. वर उतरतं कौलारू छप्पर. समोर रस्त्यावर झुकलेली लाकडी गॅलरी, तिला नक्षीचे कठडे. आतलं माणूस बाहेरचं पाहू शकेल पण बाहेरच्याला आतलं दिसणार नाही, अशी फळ्यांची किंवा जाळीची योजना. हवा मात्र खेळती. पंख्याशिवाय मे महिना काढता येईल असं हे घर.

अशा घराचं वय ठरवायला शिलालेख लागत नाही. कौल काढून उलटं करून पाहावं. मंगळोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला तो १८६५ साली. तेव्हा मंगळोरी कौलाचं छप्पर त्याआधीचं असू शकत नाही. खालची भिंत जुनी असेल, पण छप्पर मागाहून बदललेलं. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं ठिगळ दिसलं, तर ते विसाव्या शतकातलं समजावं. खिळे, बिजागऱ्या, ओतीव लोखंडाचे गज, हे सगळे आपापल्या काळाची साक्ष देतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या. पण सन म्हणजे काय हे एक कौल हातात दिल्यावर त्यांना जास्त लवकर कळतं, हा माझा अनुभव आहे.

आता कायद्याचं पाहा. आपल्याच जिल्ह्यात अंबरनाथचं शिवालय आहे, शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. ते केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. भिवंडी तालुक्यात लोणाडची लेणी आहेत. जवळच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख आहे. अभ्यासक तिथे जातात, त्यावर लिहितात. १९०४ साली कर्झनच्या काळात प्राचीन स्मारकांचा कायदा झाला, स्वातंत्र्यानंतर १९५८ साली केंद्राचा नवा कायदा आला, पाठोपाठ राज्याचा. हे कायदे देवळं, लेणी, किल्ले यांच्यासाठी ठीक आहेत. ज्या घरात माणसं राहतात, स्वयंपाक करतात, भांडतात, अशा घराला ते लागू करणं अवघडच. संरक्षित स्मारकात न्हाणीघर बांधायला परवानगी कोण मागत बसेल?

म्हणून वेगळी वाट लागते. मुंबईनं ती १९९५ साली काढली. वारसा इमारतींची यादी केली, त्यांच्या श्रेणी ठरवल्या, आणि कोणत्या श्रेणीत कितपत बदल चालेल हे नियमात लिहिलं. देशातल्या शहरांत असे नियम पहिल्यांदा झाले ते तिथे. त्याचा लाभ सरकारी आणि संस्थांच्या इमारतींना अधिक झाला. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे उत्तम उदाहरण. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेली ही वास्तू पार गळायला आली होती. महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले, विकास दिलावरी या वास्तुविशारदानं काम हाती घेतलं, २००५ साली युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडलं. पाहिलं नसेल तर जरूर पाहा. पण तिथे मालक एक होता आणि पैसा होता. निजामपुऱ्यात या दोन्हींची वानवा.

एका घरी मी वरचेवर जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. त्यांच्या माळ्यावरची तुळई एका टोकाला कुजली आहे. मी म्हटलं, "चाचा, एवढं टोक बदलून घ्या, घर आणखी पन्नास वर्षं उभं राहील." ते हसले. म्हणाले, "मास्तर, तुळई बदलायला सुतार एक लागेल, पण सह्या अकरा लागतील. दोघं कुवेतला, एक बहीण मुंब्र्याला, एका भावाची मुलं कुठं आहेत ते अल्लाला ठाऊक." आणि मग हळूच, "मोडणारा माणूस मात्र रोकडा पैसा घेऊन येतो. त्याला सह्या कशा मिळवायच्या ते ठाऊक आहे."

यात सगळं आलं. मोडणारा माणूस घराकडे घर म्हणून बघत नाही, लाकूड म्हणून बघतो. शंभर वर्षं मुरलेला साग आज नव्यानं मिळत नाही. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात अशा खांबांना, दारांना गिऱ्हाईक आहे. गंमत अशी, की हीच दारं मग एखाद्या आलिशान हॉटेलात 'पारंपरिक सजावट' म्हणून उभी राहतात. जिथून ती उपटली त्या जागी चार मजली काँक्रीट चढतं.

भाडेकरूंचं घर असेल तर गाठ आणखी घट्ट. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, १९९९ च्या कायद्यानं थोडी सैल झाली. गोठलेल्या भाड्यात कौलंसुद्धा येत नाहीत, असं मालक म्हणतो. घर त्याचं, खर्च मी का करू, असं भाडेकरू म्हणतो. दोघांचंही खरं आहे, आणि पाणी वरून गळतच राहतं. मुंबई शहरात जुन्या इमारतींकडून उपकर घेऊन त्यांची दुरुस्ती करणारं मंडळ १९६९ च्या कायद्यानं आलं. त्याच्या कामाविषयी कितीही तक्रारी असोत, दार ठोठवायला जागा तर आहे. ती सोय मुंबई बेटापुरतीच. आपल्याकडे तेवढीही नाही. शिवाय भिवंडीनं १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या आहेत. त्यानंतर कोण कुठल्या मोहल्ल्यात राहणार याची गणितं बदलली, आणि कितीतरी घरांतून जुनी माणसं निघून गेली. राहतं माणूस गेलं की घराला वाळवी लागायला दोन पावसाळे पुरतात.

मग येते ती 'धोकादायक इमारत' अशी नोटीस. या नोटिशीला मी नावं ठेवणार नाही. पडायला आलेल्या इमारतीतून माणसं बाहेर काढणं हे महापालिकेचं कर्तव्यच आहे, आणि वारशाच्या नावाखाली कोणाचा जीव धोक्यात घालावा असं म्हणणारा मी नव्हे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. जवळजवळ चाळीस माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. ती इमारत १९८४ ची, म्हणजे छत्तीस वर्षांची होती. तिच्यापेक्षा कितीतरी जुनी लाकडी घरं त्या पावसात उभी होती. जुनं म्हणजे धोकादायक आणि नवं म्हणजे भक्कम, हा हिशेब चुकीचा आहे. इमारत पडते ती बांधणीच्या दोषानं, न पेलणाऱ्या बोज्यानं, मुरलेल्या पाण्यानं. खाली माग बसवले तर दिवसरात्रीच्या हादऱ्यांनीही सांधे ढिले होतात, मग घर लाकडाचं असो की काँक्रीटचं.

नोटिशीतही प्रतवारी असते. 'सी-१' म्हणजे रिकामी करून पाडायची. 'सी-२ अ' म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, 'सी-२ ब' म्हणजे राहत्या माणसांसह दुरुस्त करायची, आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ डागडुजी. पाडायची आणि दुरुस्त करायची यांतला फरक एका अक्षराचा आहे, आणि ते अक्षर लिहिणारा अभियंता बहुधा काँक्रीट शिकलेला असतो. लाकडाची तुळई ठोकून आवाजावरून पारखणं, सुई टोचून किती आतपर्यंत कुजली आहे ते पाहणं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. गल्लीतला म्हातारा सुतार ते दहा मिनिटांत सांगतो. त्याचं मत अहवालात धरायची सोय नाही, ही खरी अडचण.

दुरुस्तीतही माणसं चांगल्या हेतूनं घर बिघडवतात. चुन्याच्या भिंतीला ओल आली की वरून सिमेंटचा गिलावा ठोकतात. चुना श्वास घेतो, असं गवंडी म्हणतात, त्यात तथ्य आहे. चुन्याच्या भिंतीतलं पाणी हळूहळू हवेत उडून जातं. सिमेंटनं तो मार्ग बंद होतो. ओल आतच कोंडते, वर चढते, आणि भिंतीत रोवलेलं तुळईचं टोक कुजवते. म्हणजे भिंत गुळगुळीत दिसते आणि तुळई मरते. उपाय जुनाच आहे: विरवलेला चुना, वाळू, विटांची सुरखी. तुळईला धिरे देऊन कुजलेलं टोक कापायचं आणि सुक्या सागाचा तुकडा सांध्यानं जोडायचा. अख्खी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते.

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस नावाचा माणूस होऊन गेला. कापडावरच्या छापांसाठी आणि विणकामासाठी त्याचं नाव जगभर झालं, तेव्हा भिवंडीकरांना तो आपला वाटायला हरकत नाही. १८७७ साली त्यानं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. त्याचा राग पाडणाऱ्यांवर होताच, पण जुनी इमारत 'पूर्वीसारखी' करण्याच्या उत्साहात तिचं जुनेपण खरवडून काढणाऱ्यांवर जास्त होता. नवं करू नका, वेळच्या वेळी डागडुजी करा, हा त्याचा आग्रह. आपल्याकडे दर वर्षी पावसाआधी घर शाकारायची रीत होती, ती दुसरं काय होती?

अहमदाबादही कापडाचंच शहर. तिथल्या पोळांमधल्या लाकडी घरांसकट जुन्या शहराला २०१७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे घर राखणाऱ्या मालकाला, न बांधलेल्या मजल्यांचा हक्क विकता येईल अशी तरतूद झाली. महाराष्ट्रातही डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा इमारतींसाठी अशी तरतूद आहे. पण त्यासाठी आधी त्या शहराची यादी हवी. यादीत नाव नाही, तर हक्क नाही. आणि यादी करायची, तर कोणीतरी गल्लीत उतरून घरं मोजली पाहिजेत.

म्हणून निजामपुऱ्यातल्या तरुणांना मी एवढंच सांगत असतो, की घर राखता येईल न येईल, मोजून तरी ठेवा. टेप घ्या, नकाशा काढा, प्रत्येक खांबाचा, दाराचा फोटो घ्या, कौलावरचा छाप टिपून घ्या. सिटी सर्व्हेचा उतारा काढा. वाटण्यांचे जुने कागद ट्रंकेत असतील, तेही बघा. त्यांत घराच्या खणांची नुसती मोजदाद नसते, कोणत्या बहिणीला कोणती खोली आणि कोणाला विहिरीवर पाणी भरायचा हक्क, हेही लिहिलेलं असतं. वास्तुकलेच्या महाविद्यालयातल्या मुलांना अशा मोजणीची कामं हवीच असतात. त्यांना बोलवा, चहा पाजा.

चाचांच्या घरी अशी चार मुलं तीन दिवस येऊन गेली. आता त्या घराचा नकाशा आहे, खांब बावीस आहेत हे घरच्यांनाही पहिल्यांदाच कळलं. कुवेतहून एका पुतण्यानं तो नकाशा मागवून घेतला, आणि तुळईच्या खर्चाची चौकशी केली. या वैशाखात माळ्यावरची कौलं परतून झाली, तुळईला धिरा दिला आहे. अकरांपैकी सात सह्या झाल्या आहेत.