तिंबक्तू आणि खडकी

सिद्दी हा शब्द कोल्हापूरच्या माणसाला पहिल्यांदा भेटतो तो पन्हाळ्यावर. १६६० चा वेढा, भर पावसातली ती रात्र, घोडखिंडीतले बाजीप्रभू आणि वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर. ही गोष्ट आपण सगळेच ऐकत मोठे झालो. पण हे सिद्दी मुळात आले कुठून आणि येताना त्यांनी काय आणलं, हे मात्र आपण विचारत नाही. तलवार आणली, एवढंच आपण धरून चालतो. विचार आणला असेल, असं मनातही येत नाही.

याला कारण आहे. आफ्रिकेला इतिहास नाही, असं हेगेल या जर्मन तत्त्वज्ञानं एकोणिसाव्या शतकात आपल्या व्याख्यानांतून सांगितलं. साम्राज्यांना ते सोयीचं होतं. ज्यांना विचारच नाही त्यांच्यावर राज्य करणं म्हणजे उपकार, असं म्हणता येतं. गोरे साहेब गेले, पण ही समजूत आपल्याकडे मुक्कामाला राहिली.

आता दोन माणसं शेजारी ठेवून पाहू. एकमेकांना कधीही न भेटलेली, पण एकाच काळातली.

पहिला अहमद बाबा. पश्चिम आफ्रिकेतल्या तिंबक्तू या शहरात राहणारा. जन्म १५५६, मृत्यू १६२७. हे शहर त्या काळी ग्रंथांसाठी आणि पंडितांसाठी प्रसिद्ध होतं. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजेनं ते घेतलं आणि पुढं अहमद बाबाला कैद करून मराकेशला नेलं. माझे सोळाशे ग्रंथ लुटले गेले आणि माझ्या घराण्यात माझाच संग्रह सर्वांत लहान होता, अशी त्याची तक्रार नोंदलेली आहे. सुटका होऊन परतल्यावर १६१५ मध्ये त्यानं गुलामगिरीवर एक निबंध लिहिला. काळा रंग हे गुलाम करण्याचं कारण होऊच शकत नाही, हे त्यानं त्यात धर्मशास्त्राच्या आधारानं मांडलं.

दुसरा आपला मलिक अंबर. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, लहानपणीच विकला गेला. बगदादच्या मीर कासिम या धन्यानं त्याला शिकवलं. पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही हबशीच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि पुढं बुडत्या निजामशाहीचा आधारस्तंभ बनला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी केवळ उताराच्या जोरावर, जमिनीखालच्या नहरींतून त्यानं शहरात आणलं. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. जहांगीर बादशहानं आत्मचरित्रात त्याच्या रंगावरून त्याला शिव्या घातल्या. आपल्या कवींद्र परमानंदांनी मात्र 'शिवभारता'त त्याच्या शौर्याचा गौरव केला.

एकानं जे शाईनं लिहिलं, ते दुसऱ्यानं जगून दाखवलं. अंबरनं ग्रंथ लिहिला नाही. पण तहानलेल्या शहराला पाणी देणं हाही एक विचारच असतो.

इथं थांबून टाळ्या वाजवल्या तर मात्र आपण स्वतःला फसवू. अहमद बाबानं रंगाचं कारण नाकारलं, गुलामगिरी पूर्णपणे नाकारली नाही. मुसलमानाला गुलाम करता येत नाही, पण इतरांना येतं, अशीच त्याची मांडणी होती. अंबरच्या स्वतःच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. माणसांचा तो बाजार युरोपच्या जहाजांआधीपासून मुसलमान राज्यांतही चालत होता. परक्यांच्या जुलमाचा हिशेब मागताना घरातली वही मिटून ठेवता येत नाही. २०१३ च्या जानेवारीत तिंबक्तूतल्या अहमद बाबाच्या नावाच्या संस्थेतली हस्तलिखितं जाळली गेली, तीही धर्माचं नाव घेणाऱ्यांकडूनच. बहुतेक हस्तलिखितं वाचली, कारण तिथल्याच लोकांनी ती पेट्यांत भरून आधीच गुपचूप बाहेर काढली होती. ते लोकही मुसलमानच होते.

साहेब गेल्यानंतरच्या जगात विचार करायचा तर तो कुठल्या भाषेत, हाही प्रश्न येतो. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी इंग्रजीत नाव कमावल्यावर आपल्या गिकुयु भाषेत कादंबऱ्या लिहायला घेतल्या. मला हे जवळचं वाटतं. "तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं लिहिता?" असं मला आजही कौतुकानं विचारलं जातं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला असेल असं मला वाटत नाही. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढलं ते शिक्षणासाठी. शिकलेला माणूस आपला इतिहास दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसत नाही, तो स्वतः वाचतो.

तेव्हा हबशी म्हटल्यावर नुसती तलवार आठवू नये. सोळाशे ग्रंथांसाठी हळहळणारा माणूस आठवावा आणि अंधारातून वाट काढत शहरापर्यंत आलेलं पाणी आठवावं.