शाकारणी सुटली तेव्हा

नवी मुंबईतल्या बोनकोड्यात जुन्या माणसांना घराविषयी विचारा, ती छपरापासून सुरुवात करतात. आधी पेंढा, मग कौलं, आणि 1970मध्ये शहर वसवायला सिडको आली, पुढे शेतं गेली, मोबदल्याचे पैसे हातात पडले तेव्हा सिमेंटचे पत्रे. दर मे महिन्यातली शाकारणी सुटली. "पयल्यांदा पावसाआधी निवांत झोपलो," आजी सांगायची. पत्र्याखाली मे महिन्यात झोप कशी लागली, ते तिलाच ठाऊक.

आजा पत्रे ठोकण्यात तरबेज. पत्रा बसेना तर करवतीने कापायचा, हुकांसाठी भोकं पाडायचा. आजी त्याचा सदरा अंगणात झटकून मग धुवायची. पडलेल्या भुग्याने पोरं आट्यापाट्यांच्या रेघा आखायची.

त्या पत्र्यात सिमेंटला धरून ठेवायला ॲस्बेस्टॉसचे तंतू असत. पत्रा शाबूत असेपर्यंत ते फारसे सुटत नाहीत. करवत लागली की हवेत. श्वासातून आत गेलेला तंतू शरीराला पचवता येत नाही. फुप्फुसाचा कर्करोग किंवा त्याच्या आवरणाचा मेसोथेलिओमा होतो तो बहुधा 20 ते 40 वर्षांनी. तोवर कुणी काय कापलं, हे घरच्या म्हाताऱ्यांनाच आठवत असतं. 1960मध्ये संशोधक वॅगनर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतले मेसोथेलिओमाचे 33 रुग्ण नोंदवले. त्यांतले बरेचजण ॲस्बेस्टॉसच्या खाणीत कधी उतरलेच नव्हते, खाणीच्या आसपास वाढले होते. जुन्या आठवणी खोदल्या म्हणून ते कळलं.

मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची तपासणी मुरलीधर आणि कान्हेरे यांनी 2005मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे 22 टक्क्यांना ॲस्बेस्टोसिस, म्हणजे या तंतूंमुळे फुप्फुसावर व्रण पडण्याचा आजार, निघाला. त्याआधी, 1995मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोवर जपा. पण त्यासाठी आधी हजेरीपटावर नाव लागतं.

आजा दम्याने गेला, असं घरात म्हणतात. विड्याही पुष्कळ ओढायचा, त्यामुळे पत्र्याकडे बोट दाखवायला मी धजत नाही. विडी आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका मात्र नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त वाढतो.

आता गावठाणात जुनी घरं पाडून मजले चढतायत. पत्रे हातोड्याने फोडतात, कोरडेच, तोंडाला फार तर गमछा. खरं तर ते पाणी मारून, अख्खे उतरवायला हवेत. मी ठेकेदाराला तसं म्हणालो. "पत्राच हाय, बॉम थोडीच हाय," तो म्हणाला, आणि पोरांना पुढची ओळ फोडायला सांगितली.