घरच्या शिवणकामाचा इतिहास : यंत्र, कागद आणि सोबत

१. सुरुवात एका मापापासून

एक साधा प्रयोग करून पाहा. मोजपट्टी घ्या आणि एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत स्वतःच्या पाठीचे माप स्वतःच घ्या. हात मागे नेला की खांदा हलतो आणि खांदा हलला की माप बदलते. आरशात पाहायला मान वळवली, की पट्टी घसरते. दुसऱ्या कोणी मागे उभे राहून हेच माप घेतले, तर दहा सेकंद पुरतात.

ही अडचण क्षुल्लक वाटेल, पण स्वतःचे कपडे स्वतः शिवणाऱ्यांचा इतिहास समजून घ्यायला ती फार उपयोगी आहे. कपडा तयार होताना तीन कामे होतात: कापड बेतणे, तुकडे जोडणे आणि ते अंगावर नीट बसवणे. एकोणिसाव्या शतकात जोडण्याचे काम यंत्राने सोपे केले आणि बेतण्याचे काम छापील मापांच्या कागदाने. अंगावर बसवण्याचे काम मात्र आजही दुसऱ्या माणसावाचून अडते. म्हणूनच घरी शिवणारी माणसे पुन्हा पुन्हा एकत्र येत राहिली. या टिपणात आपण या तिन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

२. टीप कशी पडते

हाताने शिवताना सुई कापडाच्या एका बाजूने जाऊन पूर्ण बाहेर येते आणि पुन्हा आत शिरते. सुरुवातीच्या अनेक संशोधकांनी हीच हालचाल यंत्राकडून करून घेण्याचा प्रयत्न केला आणि ते अडकले. तोडगा निघाला तो हाताची नक्कल सोडून दिल्यावर.

तो तोडगा असा. सुईचे नेढे मागे न ठेवता टोकाजवळ ठेवायचे. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि वर येऊ लागताच दोरा किंचित सैल पडून त्याचा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी खालचे शटल त्या फासातून दुसरा दोरा नेते. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या जाडीत एकमेकांना अडकतात. दोन्हींचा ताण सारखा असेल तर गाठ कापडाच्या मधोमध बसते, बिघडला तर ती वर किंवा खाली दिसते. घरच्या मशीनवर बॉबिनचा स्क्रू आपण फिरवतो तो यासाठीच.

या टिपेचे श्रेय एका माणसाला देता येत नाही. फ्रान्समधील शिंपी बार्तेलेमी तिमोनिये याने १८३० मध्ये एका दोऱ्याच्या साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी त्याची यंत्रे पॅरिसमध्ये बसवली गेली आणि पोट मारले जाईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती १८३१ मध्ये फोडली. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३० च्या दशकात दोन दोऱ्यांचे यंत्र बनवले, पण पेटंट घेतले नाही. ते घेतले एलायस हाऊ याने, १० सप्टेंबर १८४६ रोजी. हाऊच्या यंत्रात कापड उभे टांगावे लागे आणि एका वेळी थोडीच सरळ शिवण होई. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात सुई उभी झाली, कापड आडव्या पाटावर आले आणि त्याला दाबून धरणारा पाय बसला. कापड पुढे सरकवण्याचा प्रश्न अ‍ॅलन विल्सनने सोडवला. त्याच्या रचनेत कापडाखालचे दाते वर येतात, कापड सरकवतात, खाली बसतात आणि परत मूळ जागी जातात. आजच्या मशीनचे पायाखालचे दाते हीच चार पावले टाकतात.

मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येकाकडे एकेक आवश्यक पेटंट होते आणि कोणालाच दुसऱ्याला टाळून पूर्ण यंत्र बनवता येत नव्हते. अखेर १८५६ मध्ये प्रमुख कंपन्यांनी आणि हाऊने आपली पेटंटे एकत्र करून परवाना शुल्क वाटून घेण्याचा करार केला. त्याच सुमारास सिंगर कंपनीने यंत्र हप्त्यांवर देणे सुरू केले आणि शंभर डॉलरच्या आसपासची वस्तू मध्यम घरांच्या आवाक्यात आली.

३. वेळ कोणाचा वाचला?

१८६० च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन कंपनीने एक तक्ता प्रसिद्ध केला. पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागतात, तर यंत्रावर १ तास १६ मिनिटे, असे त्यात म्हटले होते. आकडे विकणाऱ्याचे आहेत, हे ध्यानात ठेवूनच ते वाचायला हवेत. तरीही फरक मोठा होता, यात शंका नाही.

मग घरातल्या बाईचे तेरा तास मोकळे झाले का? पूर्णपणे नाही. टीप स्वस्त झाली तसे कपड्यांवर झालरी, चुण्या आणि पट्ट्या वाढल्या. घरात दोन झगे पुरत होते तिथे चार लागू लागले. तंत्रज्ञानाच्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात घरगुती यंत्रांबद्दल असाच मुद्दा मांडला: यंत्राने श्रम हलके होतात, पण अपेक्षा वाढल्याने गृहिणीचे काम संपत नाही.

मजुरीने शिवणाऱ्या बाईची स्थिती आणखी वेगळी होती. टॉमस हूडच्या १८४३ मधील कवितेने लंडनच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची दैना सर्वांसमोर आणली, तेव्हा त्या हाताने शिवत होत्या. यंत्र आल्यावर नगामागचा वेळ कमी झाला, आणि नगामागचा दरही उतरला. एकच यंत्र मालकीचे असेल तर सोय होते आणि मजुरीचे असेल तर जाच होऊ शकतो. हा फरक पुढेही लक्षात ठेवा.

४. कागदावर उतरलेले ज्ञान

यंत्र घरी आले तरी कापड कुठे कापायचे हे कोण सांगणार? मुंढ्याचा गोल, बाहीचा उतार, गळ्याची खोली ही शिंप्याची विद्या होती आणि ती घराण्यात किंवा उमेदवारीतून मिळे. कात्री एकदा चालली की परत जोडता येत नाही, म्हणून घरची बाई कापायला कचरत असे.

अमेरिकेतील एबेनेझर बटरिक हा स्वतः शिंपी होता. त्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या आकारांत तयार केलेले कागदी नमुने विकायला काढले. पातळ कागदाचे तुकडे पाकिटात घालून टपालाने जात. सुरुवातीला त्यांवर रेषाही छापलेल्या नसत. कुठे काय जोडायचे हे खाचा आणि भोके पाहून ओळखावे लागे. तरीही परिणाम दूरगामी झाला. जे ज्ञान हाताखाली राहून शिकावे लागे, ते आता विकत घेता येऊ लागले. जर्मनीत एन्न बुर्डा यांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मासिकाने हीच वाट युद्धोत्तर युरोपात रुंद केली. १९८७ मध्ये त्याची रशियन आवृत्ती सोव्हिएत संघातही पोहोचली.

पण कागदाची एक मर्यादा आहे. तो सरासरी शरीरासाठी कापलेला असतो आणि सरासरी शरीर कोणाचेच नसते. एकाचा एक खांदा उतरता असतो, दुसऱ्याची पाठ रुंद असते. म्हणून आपल्याकडे शिवणीत जादा कापड सोडतात आणि त्याला 'माया' म्हणतात. पुढे अंग भरले तर उसवून सैल करता यावे, एवढी ती जागा असते. कागदी नमुन्याला माया किती ठेवायची ते ठाऊक असते, ती कुठे सोडायची हे मात्र अंग पाहिल्याशिवाय कळत नाही.

५. भारतातली वाट

आपल्याकडे इतिहास थोडा वेगळा घडला. साडी, धोतर, उपरणे ही न शिवलेली वस्त्रे. शिवलेल्या कपड्यांसाठी शिंपी होता, आणि तो परवडण्याजोगा होता. महाराष्ट्रात चोळीसाठी खण मोजूनच विणला जाई आणि त्यातून चोळी काढताना फारसे कापड वाया जात नसे. त्यामुळे घरी यंत्र असण्याची निकड युरोपइतकी नव्हती. सिंगर यंत्रे भारतात आली ती आधी मोठ्या संख्येने शिंप्यांच्या ओसरीवर आणि दुकानांत. त्यांचा भारतातील व्यापार बऱ्याच काळपर्यंत नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सांभाळला.

घरात शिवलेल्या कपड्यांची मागणी वाढण्यामागे वेशातला बदल होता. सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकरीत मुंबई इलाख्यात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईतल्या पारशी स्त्रियांचा पेहराव पाहिला. पोलके आणि परकर घालून साडी नेसण्याची पद्धत त्यांनी बंगालमध्ये नेली. इतकेच नव्हे, तर ती शिकवण्याची तयारी असल्याची जाहिरातही दिली. बाईने घराबाहेर पडायचे तर अंगभर शिवलेले कपडे हवेत, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे पोलक्याचा प्रश्न हा सार्वजनिक जीवनात शिरण्याचा प्रश्न होता.

स्वदेशीच्या काळात यंत्राबद्दल शंका होत्याच. तरी महात्मा गांधींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानले. ते माणसाचे श्रम वाचवते आणि हात निकामी करत नाही, हे त्यांचे कारण. सिंगरला पत्नीचे कष्ट पाहून हे यंत्र सुचले, अशी कथाही त्यांनी सांगितली. कागदपत्रांतून दिसणारा इतिहास तसा नाही. बॉस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेली यंत्रे पाहून सिंगर या कामाकडे वळला होता. कथा खरी नसली तरी यंत्र कोणासाठी असावे याबद्दलचे गांधींचे मत तिच्यातून स्पष्ट होते. १९३० च्या दशकात कोलकात्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्रे बनवायला सुरुवात केली आणि देशी यंत्र घरोघरी पोहोचू लागले.

६. बैठका

आता पहिल्या अडचणीकडे परत या. पाठीचे माप घ्यायला, मागची शिवण टाचणीने धरायला, खालची कड सारखी आहे का ते पाहायला कोणीतरी लागते. शिवाय हाताचे काम करताना तोंड मोकळे असते. या दोन गोष्टींमुळे शिवणाच्या बैठका जगभर झाल्या आणि त्यांतून शिवणापलीकडचे बरेच काही घडले.

अमेरिकेत गुलामगिरीविरोधी स्त्रिया शिवणकाम घेऊन जमत. बॉस्टनमध्ये १८३४ पासून त्यांनी भरवलेल्या विक्री मेळ्यांतून चळवळीला पैसा मिळाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १९४९ पर्यंत चालले. त्या काळात ठिकठिकाणी जुने कपडे उसवून नवे करण्याचे वर्ग भरत. पुरुषाच्या कोटातून बाईचा झगा कसा निघतो, हे तिथे एकीने दुसरीला दाखवले.

आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग होते. मुंबईच्या पारशी स्त्रियांच्या स्त्री जरथोस्ती मंडळाची सुरुवातही शिवणवर्गाशी जोडलेली आहे. स्वातंत्र्यानंतर महिला मंडळांमधून गावोगावी शिवणक्लास निघाले. 'शिवण शिकायला जाते' हे घरच्यांना पटणारे कारण होते. सभेला जाते म्हटले असते तर परवानगी मिळालीच असती असे नाही. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांसाठी तर शिवण हे पोटाचे साधनच होते. अहमदाबादमध्ये १९७२ मध्ये इला भट यांनी स्थापन केलेल्या 'सेवा' संघटनेने चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या बायकांना मजुरीच्या प्रश्नावर एकत्र केले. त्याही शिवणाऱ्याच होत्या, फक्त त्यांच्या हातचा कपडा त्यांचा नव्हता.

७. आता हौस का?

आज तयार कपडे स्वस्त आहेत. घरी शिवलेला सदरा बहुतेकदा त्याहून महाग पडतो, कारण कापड, अस्तर, बटणे सुटी घ्यावी लागतात आणि वेळेचा हिशेब धरलेलाच नसतो. तरीही अनेक शहरांत हौशी शिवणारे, त्यांत पुरुषही, सुट्टीच्या दिवशी एकमेकांच्या घरी मशीन आणि कापड घेऊन जमतात. त्यांना काय मिळते? अंगाला बसणारा कपडा मिळतो. आपल्या अंगात नव्हे, तर दुकानातल्या आकारात दोष होता, हे कळते. आणि चुकलेली बाही उसवताना शेजारी बसलेला माणूस मिळतो.

आणखी एक गोष्ट मिळते आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. कॉलर बसवायला किती वेळ लागतो, हे ज्याने एकदा अनुभवले आहे, त्याला तीनशे रुपयांच्या शर्टाची किंमत खटकू लागते. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात आग लागली आणि १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली. दोन्ही ठिकाणी माणसे याच यंत्रावर, हीच टीप मारत होती. घरी शिवल्याने कारखाने सुधारत नाहीत. त्यासाठी कायदे आणि संघटना लागतात. पण कपडा आपोआप तयार होत नाही, एवढे तरी शिवणाऱ्याला पक्के ठाऊक असते, आणि मागणी तिथूनच सुरू होते.

८. विचारासाठी

• घरातले जुने शिवणयंत्र कोणी, कधी आणि कशासाठी घेतले, हे वडीलधाऱ्यांना विचारा. हप्ते होते का? त्यावर घरचे कपडे होत की बाहेरची शिलाई?
• तुमच्या अंगावरचा शर्ट किंवा कुर्ता उलटा करून पाहा. किती तुकडे आहेत आणि माया किती सोडली आहे? तयार कपड्यात ती कमी का असते?
• एखाद्या यंत्राने श्रम वाचवले असे आपण म्हणतो, तेव्हा ते नक्की कोणाचे वाचले, हे तपासण्यासाठी तुम्ही कोणते पुरावे शोधाल?