बिअरमधील ग्लुटेन आणि नाचणी-ज्वारीचा पर्याय

म्हैसूर : बिअर प्रामुख्याने मोड आणून वाळवलेल्या सातूपासून (बार्ली) तयार होते. सातूतील हॉर्डीन हे प्रथिन ग्लुटेन गटातील असून, सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांच्या लहान आतड्याच्या अस्तराला त्यामुळे इजा होते. गव्हाच्या बिअरमध्ये ग्लुटेनचे प्रमाण सर्वसाधारणपणे अधिक असते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या निकषांनुसार, प्रतिकिलो २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलेला पदार्थ ‘ग्लुटेनमुक्त’, तर २० ते १०० मिलिग्रॅम असलेला ‘अल्प ग्लुटेन’ मानला जातो.

ग्लुटेन टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात सातूच्याच बिअरमध्ये आंबवताना विशिष्ट विकर मिसळून ग्लुटेनचे तुकडे केले जातात. मात्र, हे तुकडे नेहमीच्या चाचण्यांत अचूक मोजता येत नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये, आंबवण्यापूर्वीचा कच्चा मालच ग्लुटेनमुक्त असावा, असा नियम केला.

दुसऱ्या मार्गात नाचणी, ज्वारी, बाजरी, तांदूळ ही मुळातच ग्लुटेन नसलेली धान्ये वापरतात. जयलक्ष्मीपुरमपासून जवळच असलेल्या, १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नाचणीला मोड आणून माल्ट बनवण्यावर संशोधन झाले आहे. नाचणीच्या माल्टमध्ये पिष्टाचे शर्करेत रूपांतर करणारी विकरे चांगल्या प्रमाणात असतात. ज्वारीचे पिष्ट मात्र सातूपेक्षा अधिक तापमानाला शिजते. त्यामुळे अनेकदा बाहेरून विकरे घालावी लागतात.

धान्य ग्लुटेनमुक्त असले, तरी गिरणीत किंवा टाक्यांत सातू-गव्हाची भेसळ होऊ शकते. त्यामुळे सिलिअ‍ॅक रुग्णांसाठी ‘ग्लुटेन कमी केलेली’ आणि ‘ग्लुटेनमुक्त धान्याची’ बिअर यांतील फरक महत्त्वाचा ठरतो.