विमानाचा कारखाना काढणारा आपल्या इंदापूरचा शेठ

बारामती-इंदापूर रस्त्यावर जंक्शनला वळलं की वालचंदनगर. ऊस, कारखाना, कॉलनी... एवढं आपल्याला माहीत. पण ज्यांच्या नावाचं हे गाव, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीच देशातला पहिला विमान कारखाना काढला, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

शेठ सोलापूरचे. जन्म १८८२. रेल्वेची कंत्राटं घेत वर आले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला पाठवून त्यांनी इंग्रज जहाज कंपन्यांशी थेट टक्कर घेतली. पुढे इंदापूर तालुक्यात कळंबला ऊस लावला, साखर कारखाना उभा केला.

१९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना प्रवासात त्यांना विल्यम पॉली भेटला. हा माणूस चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. त्या ओळखीतूनच हिंदुस्थानात कारखाना काढायचं ठरलं. म्हैसूर संस्थानचे दिवाण मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले. संस्थानने जमीन दिली, भांडवलही घातलं. २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरूत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनी सुरू झाली. आणि १९४१ मध्येच तिथे जोडलेलं पहिलं विमान आकाशात गेलं! वर्षसुद्धा लागलं नाही.

पण युद्ध पेटलं होतं. जपान दारात आला आणि १९४२ मध्ये सरकारने शेठचा हिस्सा विकत घेतला. पैसे मिळाले, कारखाना गेला. तीच कंपनी म्हणजे आजची एचएएल.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. शेठनी १९४४ मध्ये प्रीमियर ही मोटार कंपनी काढली. १९५३ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने मोठी देणगी दिली आणि १९५५ पासून सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज ‘वालचंद कॉलेज’ झालं. आपल्या भागातली कितीतरी पोरं तिथे शिकून इंजिनिअर झाली.

आता बघा, आज उद्योगपतीची विमानाची हौस म्हणजे स्वतःचं खासगी विमान. या शेठची हौस वेगळी होती. विमान आपल्या देशात, आपल्या कामगारांनी बनवावं, ही. फरक इथेच आहे.

आणि हो, चांद्रयान-३ ज्या रॉकेटने गेलं, त्याच्या बूस्टरचे भाग बनवले वालचंदनगर इंडस्ट्रीजने. ऐंशी वर्षांनंतरही आभाळाशी नातं तुटलेलं नाही.

पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आपण चौकाचौकात लावतो. जंक्शनच्या चौकात या इतिहासाचा एक साधा फलक लागायला काय हरकत आहे? येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना कळू द्या, कारखाना काढायला आधी मुंबई-पुण्यात जन्मावं लागत नाही.

पटलं तर पुढे पाठवा.